दुल्हा दरवाज्यापाशी बसलेला माणूस

देवीदासला माणसं आवडत नव्हती असं मी म्हणणार नाही. फोटोत आवडत नव्हती, एवढं मात्र खरं. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ होता. आमचा म्हणजे त्याचा. मी त्याच्याकडे रिटचिंगला. खिडकीशी बसून काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकानं गिऱ्हाइकांचे वण बुजवायचे, नवरीचं नाक जरा सरळ करायचं, हा माझा धंदा. दुकान चालायचं लग्नांवर आणि शाळांच्या ग्रुप फोटोंवर, आणि मालकाचा जीव मात्र जुन्या दगडांत. ऐन लग्नसराईत सगळं काम माझ्या गळ्यात घालून हा गडी मोठा कॅमेरा, तिपाई आणि काळं कापड घेऊन मोटरीत बसायचा. अकोल्याचा असदगड, पातूरची लेणी, बाळापूरची छत्री, नरनाळा, सगळं त्यानं काचेवर उतरवून आणलं होतं.

अशा फिरतीवर मी कधी गेलो नाही. मला त्या दगडांचं काही वाटायचं नाही आणि पाठीवर तिपाई वाहायची तर मुळीच हौस नव्हती. तो परत आला की डार्करूममध्ये प्लेटा धुवायच्या आणि त्याच्या गप्पा ऐकायच्या, एवढाच माझा संबंध. प्रत्येक इमारतीबद्दल त्याची तक्रार एकच. लोक. कमानीत बकऱ्या बांधतात, बुरुजावर गोवऱ्या थापतात, लेण्यात चूल मांडतात. "वामनराव, एवढा थोरला बुरूज," तो म्हणायचा, "आन् ह्याइले तिथंच धोतर वाळू घालायचं असते!"

त्यावर त्यानं युक्ती काढली होती. संध्याकाळच्या मंद उजेडात भिंगाचं तोंड अगदी बारीक करायचं आणि प्लेट बराच वेळ उघडी ठेवायची. दगड हलत नाही, तो लख्ख येतो. माणसं येत-जात राहतात, ती प्लेटवर ठरतच नाहीत. फार तर जमिनीलगत थोडा धूर दिसतो. भर बाजारातला दरवाजा त्याच्या फोटोत ओस पडलेला असायचा. देवीदास त्या ओसपणावर बेहद्द खूष. मला मात्र गावात पटकी येऊन गेल्यासारखं वाटायचं, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगायचोही.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत तो अचलपूरहून तिथल्या जुन्या वेशीची, दुल्हा दरवाज्याची, प्लेट घेऊन आला. शेवटची मोटर पकडून आला होता, दमला होता, पण प्लेट धुतल्याशिवाय घरी जाईना. मी लाल दिव्याखाली ती धुतली. दरवाजा अप्रतिम आला होता, हे मी मुकाट्यानं कबूल करतो. कमानीचा दगडन्‌दगड सुटा दिसत होता. खाली बाजाराचा नुसता धूर. आणि त्या धुरात, कमानीच्या डाव्या पायाशी, भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. तोंड कॅमेऱ्याकडे, हात गुडघ्यांवर, अंगावर घोंगडी. दाढीचे खुंट दिसत होते. भुवईवरचा जुना व्रणसुद्धा दिसत होता.

"हा कोन?" मी विचारलं.

"असंन कोनी. बसला होता."

मी भिंग लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "देवीदास, हा माणूस मेलेला आहे."

हे मी उगाच म्हणालो नाही. आपल्याकडे तेव्हा जित्या माणसाचा फोटो काढायची कोणाला सवड नसायची. माणूस गेला की धावत स्टुडिओत यायचे. प्रेताला खुर्चीत बसवून, मागून कोणीतरी धरून फोटो निघायचा आणि मिटलेले डोळे रंगानं उघडून द्यायचं काम माझ्याकडे यायचं. अशी कितीतरी तोंडं माझ्या हाताखालून गेली होती. जिता माणूस एवढा वेळ जसाच्या तसा राहतच नाही. श्वास असतो, मान जराशी ढळते, आणि कडा पुसट होते. ह्याची कडा कात्रीनं कापल्यासारखी होती. मेलेली माणसं फोटोला फार चांगली, असं मी गमतीनं म्हणायचो. त्या दिवशी मला गंमत सुचली नाही.

देवीदास प्लेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेला होता म्हनतं? मंग मी काय करनार होतो?"

मी म्हटलं, खरवडून टाकतो त्याला. मागे भिंतच आहे, काही कठीण नाही. तर नको म्हणाला. "राहू दे. त्याच्यामुळं दरवाजा किती उंच आहे ते समजते." मला त्याचा संताप आला. एक माणूस रस्त्यात मरून बसला आणि ह्याला त्याचा उपयोग मोजपट्टीसारखा! पण दुकान त्याचं होतं.

पुढे अकोल्याच्या एका तेलगिरणीनं साठ सालच्या कॅलेंडरसाठी चित्रं मागवली. देवीदासनं असदगड पाठवला, लेणी पाठवली, आणि दुल्हा दरवाजा. गिरणीवाल्यांनी दरवाजाच उचलला. वऱ्हाडभर दुकानांतून, दवाखान्यांतून, न्हाव्यांकडे तो टांगला गेला. खाली तारखा, कोपऱ्यात आमच्या स्टुडिओचं नाव, वर कमान आणि कमानीच्या पायाशी तो. देवीदास ज्याला त्याला थांबवून विचारायचा, पाह्यलं का? लोक म्हणायचे, पाह्यलं. दगडांचं कोणी बोलायचं नाही. "तो बुढा कोन हो बसेल?" एवढंच विचारायचे.

होळीच्या आसपास एक दुपार. दुकानात आम्ही दोघंच होतो. एक बाई दारात उभी राहिली. तीस-बत्तीसची असेल, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नखांत झेंडूचा पिवळा रंग. हातात कॅलेंडराची गुंडाळी, पदरात झाकून धरलेली. तिनं ती टेबलावर पसरली आणि चारी कोपरे हातांनी दाबून धरले.

"हे तुमीच काढलं का भाऊ?"

देवीदास खुलला. "हो, मीच. काहून?"

तिनं त्या बसलेल्या माणसावर बोट ठेवलं. "हे आमचे हायेत."

"आमचे म्हंजे?"

ती लाजली. खरंच लाजली. "माह्या पोरीचे बाप."

तिचं नाव मनकर्णा. अकोल्याजवळच्या एका गावात घरचा मळा होता, झेंडू-शेवंतीचा. हार करून ती अकोल्याच्या दुकानांत घालायची. बसायला स्टूल दिलं तर बसली नाही, उभ्यानंच सांगत सुटली. "दोन वर्सं होऊन गेले. छातीत दुखे त्याइच्या, खोकलून खोकलून रगत पडे. मी म्हनो, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. थे म्हनत, मले काई नाई झालं. दिवाईत त्याच्यावरूनच भांडन झालं. मीबी लय बोलली. सकाई उठून पाह्यते तं अंथरून रिकामं. दीर म्हनते, तो मेला, कुकू पूस, दहावं करून टाकू. मी म्हटलं, पहिले मले दाखोव, मंग पुसते. आन् परवा हार घेऊन दुकानात गेली, तं भितीवर हे!"

ती हसत होती, डोळे भरले होते, पदरानं कॅलेंडरावरची नसलेली धूळ पुसत होती. "पाहा ना, बाकी सारे लोक कसे धुपट होऊन गेले. हे एकटेच साफ आले. जसं काई मलेच दिसाले पाह्यजे म्हनून!"

मी देवीदासकडे पाहिलं. तो टेबलाकडे पाहत होता.

"बाई, फोटो जुना आहे," तो म्हणाला. "दोन वर्सं झाले त्याले."

"झाले तं झाले. तवा तिथं होते ना? तिथल्या कोनाले तं माहीत असंन पुढं कुठी गेले ते. मले फक्त ती जागा दाखवा भाऊ. दीर येत नाई संगं. तो म्हनते दुसराच कोनी असंन. मी काय माहा मानूस ओयखनार नाई?"

देवीदासनं मला डार्करूममध्ये ओढलं. दार लावून घेतलं. "तू तिले काई बोलू नको."

"मंग तू बोल."

"माह्याच्यानं होत नाई."

"अरे, ती त्याले शोधाले जाऊन राह्यली. बाकी जाऊ दे, मेलेला होता एवढं तरी—"

"तिथं गेल्यावर समजंन तिले," तो म्हणाला. "तूच घेऊन जाय. माह्याकडे लग्नाची ऑर्डर आहे." त्या आठवड्यात लग्नबिग्न काही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मी त्याला सरळ सांगितलं, फोटो तू काढला, जागा तुला माहीत, तू येशील. एरवी तो माझं ऐकून घेणारा नव्हता. त्या दिवशी खाली मान घालून हो म्हणाला, तेव्हा मला बरं वाटलं; म्हटलं, दगडांच्या नादी लागला तरी आत माणूस आहे.

ती रात्र मनकर्णानं माझ्या घरी काढली आणि सकाळी आम्ही तिघं अचलपूरच्या मोटरीत बसलो. तिच्याजवळ एक गाठोडं होतं. त्यात नवऱ्याचं धुतलेलं धोतर, सदरा आणि माझ्या बायकोकडून मागून घेतलेल्या पिठाच्या तिनं स्वतः थापलेल्या भाकरी. ती खिडकीशी बसली, आणि रस्ताभर बोलत होती. भेटले की आधी भांडायचं नाही. आधी खाऊ घालायचं. मग तिथूनच अमरावतीला आणायचं, दवाखान्यात दाखवायचं, आणि मग घरी. पोरगी आता चुलीपाशी बसून भाकर करते, ते त्यांना माहीतच नाही. "ओयखतीन का हो पोरीले?" तिनं मला विचारलं. मी काहीतरी हूं केलं. देवीदास पुढच्या बाकावर पाठ करून बसला होता.

अचलपूरला उतरलो आणि माझा धीर सुटला. तिला त्या भाकरी घेऊन बाजारात दुकानोदुकानी फिरताना मी पाहूच शकलो नसतो. स्टँडाबाहेर एका लिंबाखाली मी तिला थांबवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. प्लेट बराच वेळ उघडी असते, चालणारे त्यात राहत नाहीत, आणि बसलेला जिता माणूससुद्धा थोडा तरी पुसट येतो. जो इतका साफ येतो तो जिता नसतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "झोपले असतीन," ती म्हणाली.

"झोपलेल्या मानसाची छाती हालते बाई. मी आयुष्यभर हेच पाह्यलं."

तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. "जागा दाखवा," ती म्हणाली, आणि आमच्या पुढे चालू लागली.

दुल्हा दरवाजा मी पहिल्यांदाच पाहत होतो. फोटोत असतो तसा तो नव्हता. कमानीखालून बैलगाड्या जात होत्या, सायकली जात होत्या, बांगडीवाल्या ओरडत होत्या. ज्या भिंतीशी तो माणूस बसला होता तिच्यावर कोणीतरी चुन्यानं निवडणुकीची जाहिरात काढली होती. समोर चहाचं दुकान होतं. दुकानदार नत्थुजी, साठीचा, डोक्याला फडकं बांधलेला. मनकर्णानं कॅलेंडर त्याच्यापुढे धरलं.

"हाव, ओयखतो ना याले," तो लगेच म्हणाला. "तीनचार दिवस होता इथंच. लय बिमार होता."

"इथंच गेले का थे?" तिनं विचारलं. "हा फोटो काढला तवा?"

"तवा? कोन म्हनते? फोटो काढला तवा चांगला जिता होता तो. माह्याच हातचा चहा घेतला त्यानं."

ती माझ्याकडे वळली. काय ते तोंड! "आयकलं का भाऊ? जिते होते! तुमी म्हनत होते मेले!" आणि मला खोटं सांगायचं नाही, मीसुद्धा त्या क्षणी आनंदानं हसलो. माझी सगळी विद्या खोटी ठरली याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. जिता होता, तर कुठेतरी असेल. मी देवीदासला सांगायला मागे वळलो. तो दहा पावलं लांब उभा राहून वर कमानीकडे बघत होता.

नत्थुजीनंही तिकडे पाहिलं. "अरे, हे काय, हेच तं ते फोटोवाले सायेब! इचारा ना त्याइलेच." आणि मग, कपबशा विसळता विसळता, त्याच्या मनात काही वाकडं नसताना, त्यानं पुढचं सांगितलं.

"तो मानूस सारखा इचारे, अमरावतीचा मोठा दवाखाना कसा हाये, तठी मले कोनी नेऊन देईन का. एकट्यानं मोटरीत चढनं होत नव्हतं त्याच्यानं. त्या दिवशी हे सायेब आले. मी त्याले म्हटलं, हे अमरावतीचे हायेत, आता मोटरनं वापस जातीन, त्याइच्या संगं जाय. तो उठाले गेला. तवा सायेबानं इकडं वरडून सांगतलं, चालनाऱ्यानं चालत राहा, बसलेल्यानं हलायचं नाई, दम धरून बसा. बसला बिचारा परत. खोकला येऊन राह्यला होता त्याले, गियून टाकला. डोयातून पानी गयत होतं, पन हलला नाई. मले म्हने, सायेबाचं काम बिघडलं तं सायेब नेनार नाई."

मनकर्णाच्या हातातलं कॅलेंडर आपोआप गुंडाळलं गेलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग सायेबाचं झालं. सामान आवरलं आन् मोटरसाठी पयत सुटले. हा उठला, भित धरून धरून गेला मागं. सायेब, सायेब, अशा हाका मारे. सायेबानं मागं न पाहता हात हालोवला." नत्थुजीनं हात हलवून दाखवला, माशी वारावी तसा. "रातच्याले गेला तो. सकाई आमी चौघायनं सापन नदीच्या काठी पुरला. बेवारस होता, काय करता?"

देवीदास तोवर जवळ आला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहायचं धाडस त्याला झालं नाही. "मले वाटलं भिकारी आहे," तो म्हणाला. "वाटलं पैसे मागते."

म्हणजे त्यानं हाका ऐकल्या होत्या. त्या रात्री मी प्लेटला भिंग लावून मेलेला आहे म्हणून सांगितलं, तेव्हा हा उभा राहून ऐकत होता, आणि त्याला ठाऊक होतं की मी चुकतो आहे. दोन वर्षं तो माझ्या त्या शब्दाच्या आड बसून राहिला होता. "तुले माहीत होतं," मी म्हटलं. "तुले तवाच माहीत होतं की तो जिता आहे." भर बाजारात मी त्याची गचांडी धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. नत्थुजी घाबरून, काय झालं, काय झालं, करत राहिला.

मनकर्णानं आमच्याकडे लक्ष दिलं नाही. ती नत्थुजीला विचारत होती, "पुरलं तवा नाव नाई घेतलं का कोनी?"

"माहीतच नव्हतं बाई. इचारलं एकडाव, पन त्याले खोकल्यानं बोलनं होईना."

"खुशालराव," ती म्हणाली. लग्नाला बारा-पंधरा वर्षं झालेली असतील. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर जिभेवर येऊ देत नाहीत. तिनं ते भर रस्त्यात घेतलं, आणि नत्थुजीला नीट ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा एकदा, मोठ्यानं घेतलं. "खुशालराव नाव हाये त्याइचं. आता कोनी इचारलं तं सांगजा."

नत्थुजीनं मान हलवली. त्याला आता कुठे समजलं की समोर कोण उभं आहे.

ती भिंतीपाशी गेली. चुन्याच्या अक्षरांखाली जमिनीपासून हातभर उंचीवर दगड गुळगुळीत झाला होता. कितीतरी पाठी टेकून टेकून झाला असेल. तिनं त्यावर तळवा ठेवला आणि तशीच उभी राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. गाठोडं तिच्या काखेतच होतं. मला वाटलं आता ती रडेल, ओरडेल, देवीदासचं थोबाड फोडेल. तिनं यातलं काही केलं असतं तर मी तिला अडवणार नव्हतो.

"दवाखान्यात जायाले निघालते थे," ती म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

देवीदास तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि मला वाटतं, राग असता तर त्याला सोसला असता.

"घरी माह्यं कधी आयकलं नाई त्याइनं," ती म्हणाली. "तुमचं आयकलं."